मगनवाडी ते किर्लोस्करवाडी : एक प्रस्तावना

राहणी बदलावी, गरजा आवराव्यात, निसर्गाचे ऋण ओळखावे असे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधी वाण पडलेली नाही. कीर्तनकारांनी ते सांगितले, सुधारकांनी सांगितले, क्रमिक पुस्तकांनी सांगितले आणि आता तर सरकारी जाहिरातीही तेच सांगू लागल्या आहेत. परंतु सकाळी दात घासण्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत आपण ज्या ज्या वस्तू हाताळतो, त्या घडवणारा आणि विकणारा जो उद्योजक, ज्याच्या पसंतीने आपले दैनंदिन वर्तन आपल्या नकळत ठरत असते, त्याला या चर्चेत एक तर आरोपी म्हणून उभे केले जाते, नाही तर देणगीदार म्हणून व्यासपीठावर बसवून शाल-श्रीफळ दिले जाते. या दोन्ही जागा त्याच्या नव्हेत. तो कोणता जिन्नस घडवतो, तो कोणत्या हप्त्याने आणि कोणत्या हमीवर देतो, आणि विकून झाल्यावर त्याची वास्तपुस्त घेतो की पाठ फिरवतो, यावर लाखो घरांतील पाण्याचा, इंधनाचा आणि कचऱ्याचा हिशेब अवलंबून असतो. जपून वापरण्याची, पुरवून खाण्याची राहणी समाजात रुजावी यासाठी उद्योजकाला काय करता येईल, एवढाच मर्यादित प्रश्न या पुस्तकाने हाती घेतला आहे.

आपल्या जुन्या राहणीत काटकसर मुरलेली होती हे खरे. पण ती सर्वस्वी सद्गुणाची नव्हती, पुष्कळशी दारिद्र्याची होती, आणि हे विसरून त्या काळाचे गोडवे गाणे मला रुचत नाही. तथापि त्या काटकसरीचे एक अंग असे होते की ज्याकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले आहे. ती काटकसर एकट्या गृहिणीच्या शिरावर नव्हती. तिला धरून अनेक धंदे उभे होते. कल्हईवाला आळीच्या तोंडाशी भाता लावून बसे, तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकी, कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने हात फिरवी, आणि काळवंडलेले भांडे रुप्यासारखे होऊन घरी परत येई. बोहारीण जरीचा काठ बोटांनी चाचपून, दोन साड्यांवर आणखी एक धोतर मागून, घासाघीस करून पातेले देई, आणि ती वस्त्रे जुन्या बाजारात जाऊन दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर चढत. पिंजारी गादी पिंजून देई, रफूगार कोट सांधून देई. हे धंदे बसले तेव्हा काटकसरही बसली. कारण फुटलेले सांधून घ्यावे अशी इच्छा असूनही सांधणाराच दारी येत नसेल, तर उत्तम शीलाचा मनुष्यही ती वस्तू उकिरड्यावर टाकतो. १९४९ साली सुरू झालेल्या आरे दुग्धवसाहतीचे दूध मुंबईकरांनी कित्येक वर्षे काचेच्या बाटल्यांतून घेतले. रिकामी बाटली विसळून केंद्रावर परत द्यायची आणि भरलेली घ्यायची, हा शिरस्ता चाळीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होता, आणि त्यासाठी कुणालाही पर्यावरणावर व्याख्यान द्यावे लागले नव्हते. पुढे प्लॅस्टिकची पिशवी आली आणि ती सवय मोडली. मुंबईकरांचे नीतिधैर्य त्या काळात ढळले असे मला वाटत नाही. विकण्याची रीत बदलली, त्याबरोबर वागण्याची रीत बदलली.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार दोन ठिकाणी, दोन सर्वथा भिन्न वृत्तींनी झाला, आणि योगायोग असा की दोन्ही ठिकाणांच्या नावांत 'वाडी' हे पद आहे. पहिले ठिकाण वर्ध्याची मगनवाडी. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे तेथे पडले आणि त्याचा कारभार जोसेफ कुमारप्पा यांच्याकडे आला. हे गृहस्थ लंडनमध्ये हिशेबतपासनिसाची विद्या शिकलेले आणि अमेरिकेत अर्थशास्त्राचे अध्ययन केलेले; त्यामुळे त्यांच्या साधेपणाला भावुकतेचा स्पर्श नाही, त्यात जमाखर्चाची कठोरता आहे. तुरुंगवासात लिहिलेल्या 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' या ग्रंथात त्यांनी सृष्टीतील व्यवहारांच्या पाच पायऱ्या मांडल्या: परोपजीवी, लुटारू, उद्यमी, सामूहिक आणि सेवामय. यातील उद्यमाला त्यांनी मधली पायरी दिली, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. मधमाशी फुलातला मध नेते खरी, पण जाता जाता परागसिंचन करून झाडाचे देणे फेडते. घेणे आणि देणे यांचा मेळ जेथे बसतो तो उद्यम, असा त्यांचा आशय आहे. उद्योजकाला त्यांनी संत ठरवले नाही आणि दरोडेखोरही ठरवले नाही. आजच्या पुष्कळ पर्यावरणवाद्यांना आणि त्याहून अधिक कारखानदारांना हे तारतम्य साधलेले नाही.

मगनवाडीत सुधारलेले घाणे घडले, धूर बाहेर नेणारी चूल घडली, रॉकेलऐवजी वनस्पतींच्या तेलावर जळणारा 'मगनदीप' घडला. तो कंदील घराघरांत मात्र पोहोचला नाही. रॉकेल जिंकले, कारण रॉकेलमागे गावोगावचे दुकान होते, डबा होता, उधारीची वही होती, काच फुटली तर बाजारच्या दिवशी दुसरी काच मिळण्याची खात्री होती. मगनदीपामागे केवळ तत्त्व होते. तत्त्व चुकीचे होते असे मी म्हणत नाही; ते विकण्यासाठी जे यंत्रतंत्र लागते त्याविषयी तेथे एक प्रकारचा संकोच होता, आणि विक्रीविषयीचा हा संकोच आपल्या सेवाभावी संस्थांच्या अंगी अद्यापि चिकटलेला आहे.

दुसरे ठिकाण किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालवता चालवता कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर घडवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी रयतेची समजूत होती, आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. १९१० साली औंधच्या अधिपतींच्या आश्रयाने कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाने माजलेल्या माळावर कारखान्याचे गाव वसले. (खोल नांगरटीविषयी आजच्या मृदाशास्त्रज्ञांचे मत तितकेसे अनुकूल राहिलेले नाही, हा भाग अलाहिदा, येथे प्रश्न नांगराच्या गुणदोषांचा नसून शतकानुशतकांची सवय पालटण्याच्या हिकमतीचा आहे.) त्या हिकमतीचे मर्म असे की कारखान्याने माल पाठवून स्वस्थ बसणे पत्करले नाही. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. कारखान्याची बातमी देण्यापुरते निघालेले हे पत्र पाहता पाहता मराठी घराच्या विचारांना वळण देणारे मासिक झाले, आणि त्याच्या पाठोपाठ 'स्त्री' व 'मनोहर' निघाली. नांगर आणि पंप विकणाऱ्या घराण्याने स्त्रीशिक्षण आणि अंधश्रद्धा हे विषय मध्यमवर्गाच्या माजघरात नेले. उद्योजक राहणीवर प्रभाव पाडू शकतो की नाही, याविषयी ज्यांच्या मनात किंतु असेल त्यांनी या मासिकांचे जुने अंक कोणत्याही चांगल्या ग्रंथालयात चाळून पाहावेत.

मगनवाडीत वस्तू योग्य होती आणि बाजार नव्हता. किर्लोस्करवाडीला बाजार साधला, पण पृथ्वीच्या मर्यादांचा प्रश्न त्या काळी कुणाच्याच पटलावर आला नव्हता. आज जो तरुण टिकाऊ राहणीचा धंदा करू म्हणतो, त्याला या दोन वाड्यांच्या दरम्यान आपले दुकान थाटावयाचे आहे.

ते कसे थाटावे याचा एक नमुना पुण्यातलाच आहे. इरावती आणि दिनकर कर्वे यांचे चिरंजीव डॉ. आनंद कर्वे हे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी स्थापन केलेल्या 'आरती' या संस्थेने खरकट्यावर चालणारे घरगुती बायोगॅस संयंत्र विकसित केले, आणि २००६ साली त्याला ब्रिटनचे अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळाले. विचार मोठा मार्मिक होता. शेण म्हणजे गुराच्या पोटातून एकदा पचून आलेला चोथा; त्यातला बहुतेक कस जनावराने आधीच काढून घेतलेला असतो, म्हणून गोबरगॅसला पाट्याच्या पाट्या शेण लागते. उलट शिळा भात, पिठाचे भुसकट, आंब्याच्या कोयी यांत तो कस शाबूत असतो. तेव्हा थोडक्या किलोंत चुलीपुरता वायू मिळू शकतो. पाण्याच्या दोन प्लॅस्टिकच्या टाक्या, एक उताणी आणि दुसरी तीत पालथी; वायू साठला की वरची टाकी उचलली जाते, वापरला की खाली बसते. गच्चीवर मावेल एवढाच हा सरंजाम. ही विद्या इतकी सोपी असताना पुण्याच्या प्रत्येक गच्चीवर ती का नाही? याचे उत्तर विज्ञानात सापडत नाही, दिनक्रमात सापडते. रोज कुणीतरी खरकटे बारीक करून ओतायचे असते. लग्नाकार्यानंतर उत्साहाने एकदम जास्त ओतले तर आतला रेंदा आंबतो आणि वायू धरत नाही. घरची मंडळी महिनाभर गावाला गेली तर जिवाणू उपाशी राहतात. अशा वेळी ज्याला फोन करावा आणि जो दोन दिवसांत येऊन टाकीत डोकावेल, असा माणूस ज्या वस्तीत आहे तेथे संयंत्र चालते. जेथे नाही तेथे ती टाकी लवकरच पावसाचे पाणी साठवू लागते. संशोधकाचे काम टाकी चालू होण्याशी संपते. उद्योजकाचे तेथे सुरू होते.

पैशाच्या बाबतीतही हेच. शेजारच्या कर्नाटकात १९९५ साली सुरू झालेल्या 'सेल्को' या कंपनीने गरिबांच्या घरी सौरदिवे बसवण्याचा धंदा केला, आणि तिचे सहसंस्थापक हरीश हांडे यांना २०११ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. फेरीवाल्यांशी बोलून त्यांनी ताडले ते असे की महिन्याकाठी तीनशे रुपये देणे ज्याला जड जाते त्याला रोजचे दहा रुपये जड जात नाहीत, कारण त्याची मिळकतच रोजची असते. सौरदिव्याचे गणित त्यांनी त्या मिळकतीच्या लयीशी जुळवून घेतले, ग्रामीण बँकांना कर्जासाठी राजी केले, आणि दुरुस्तीची केंद्रे ग्राहकाच्या जवळ ठेवली. अंगी काटकसर भिनलेल्या गरिबाला काटकसर शिकवण्याचा आगाऊपणा त्यांनी केला नाही. त्याच्यापाशी एकरकमी पैसा नसतो एवढी अडचण ओळखून तिची तजवीज केली.

आता ठिबक सिंचनाकडे वळतो, कारण या विषयातील यश आणि अपयश दोन्ही तेथे एकाच वाफ्यात दिसतात. थेंबाथेंबाने मुळाशी पाणी देण्याची ही विद्या इस्राएलमध्ये सिम्चा ब्लास यांनी सिद्धीस नेली आणि १९६५ साली तिचा उद्योग उभा राहिला; आपल्याकडे ती घरोघर नेली जळगावच्या भवरलाल जैनांनी. वाकोदसारख्या गावातून आलेल्या या गृहस्थाने पीव्हीसी पाइपांवरून ठिबककडे येताना शेतकऱ्याला नळ्यांसोबत रोपे, खते, सल्ला आणि पिकाची खरेदी अशी सगळी साखळी देऊ केली. केळीच्या बागेत जाऊन पाहावे: विहिरीपाशी वाळूचा फिल्टर, त्यापुढे जाळीचा फिल्टर, मग ओळीओळीने पसरलेल्या काळ्या नळ्या. पाणी क्षाराचे असेल तर भोकांत पांढरी पुटे धरतात आणि शेतकरी म्हणतो, ठिबक चोकअप झाली. मग नळ्यांतून आम्लाचे पाणी सोडायचे, शेवटची टोपणे उघडून गाळ वाहू द्यायचा, खारींनी आणि उंदरांनी कुरतडलेल्या जागी जोड घालायचे. हे ज्याला कुणी हाताला धरून शिकवले त्याची ठिबक वर्षानुवर्षे चालते. ज्याने केवळ अनुदानाचे कागद रंगवले त्याच्या नळ्यांची गुंडाळी बांधावर ऊन खात पडलेली असते.

येथवर उद्योजकाची कीर्ती. परंतु पुढची गोष्ट कंपन्यांच्या माहितीपत्रकांत नसते. ठिबकने वाचलेले पाणी विहिरीत राहतेच असे नाही. पुष्कळदा त्याच पाण्यावर शेजारच्या दोन एकरांत नवी लागवड होते, आणि जो शेतकरी कालपर्यंत कमी क्षेत्र भिजवीत होता तो आज अधिक क्षेत्र भिजवून विहीर तितकीच उपसतो. यात त्याचा दोष नाही. पोटासाठी धडपडणाऱ्याने हाती आले ते वापरले. दोष असलाच तर 'आमच्या वस्तूने एवढे पाणी वाचले' अशी फुशारकी मारणाऱ्या जाहिरातीचा आहे. वस्तू बचत शक्य करते. बचत टिकवण्याला मात्र निर्बंध लागतो, आणि तो समाजाने आपल्या हाताने घालून घ्यावा लागतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने, पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणे पिके ठरवली, शेतीसाठी बोअर घेण्यास मनाई केली, आणि ऊस-केळीसारख्या तहानलेल्या पिकांना गावाबाहेर ठेवले. तेथे ठिबकची एक नळी जे करते ते अन्यत्र दहा नळ्यांना साधत नाही. म्हणून माझे मत असे की पाणी, वीज किंवा इंधन वाचवणारी वस्तू विकणाऱ्याने ग्रामसभेच्या ठरावाविषयी उदासीन राहू नये. त्याच्या मालाचे सार्थक त्या ठरावावर अवलंबून आहे.

उद्योजक म्हटला की आपल्या नजरेसमोर गिरणीमालक येतो. हा समज सोडवण्यासाठी पुण्याच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचा उल्लेख मुद्दाम करतो. १९९३ साली बाबा आढावांसारख्यांच्या पुढाकाराने कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. तिच्यातून पुढे 'स्वच्छ' जन्मली आणि २००८ पासून पुणे महापालिकेशी करार करून तिच्या सभासद, बहुतांशी दलित समाजातील स्त्रिया, दारोदार कचरा गोळा करू लागल्या. घरटी मासिक शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून निघणाऱ्या भंगाराची विक्री, ही त्यांची मिळकत. यात सवय कशी बदलते ते पाहण्यासारखे आहे. महापालिकेच्या ओल्या-सुक्याच्या जाहीरनाम्यांकडे ज्या वाड्यांनी आणि सोसायट्यांनी वर्षानुवर्षे काणाडोळा केला, तेथे रोज सकाळी तीच बाई दारात उभी राहून "ताई, ओला वेगळा द्या हो, मला त्यात हात घालावा लागतो," असे म्हणू लागली तेव्हा डबे दोन झाले. जाहीरनामा नागरिकाला उद्देशून असतो, तर ती बाई ताईंशी बोलत असते. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, ही विनंतीही याच स्त्रियांच्या संघटनेकडून आली. तिचा खर्च ठिपक्यापुरत्या शाईचा. आणि कचरा उपसणाऱ्या हातांना ज्या किळसवाण्या प्रसंगांतून जावे लागते त्याची जाणीव मात्र त्या ठिपक्याने थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचवली.

याउलट ज्या वस्तूंवर हिरव्या पानाचे चित्र छापलेले असते, त्यांच्याविषयी मी फारसा उत्साही नाही. बांबूचा दातांचा ब्रश, तागाच्या पिशवीत घातलेली भेटवस्तू, परिषदेत वाटलेल्या पोलादी बाटल्या, ज्यांच्या चार-पाच प्रती प्रत्येक घरात धूळ खात असतात: हा सगळा शौकाचा मामला आहे, आणि शौकिनांना तो लखलाभ असो. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली तेव्हा कापडी पिशव्या शिवणारे अनेक महिला बचतगट उभे राहिले. त्यांतले जे भाजीवाल्याला परवडेल अशी पिशवी देऊ शकले ते टिकले, आणि ज्यांनी नक्षीकाम करून ती प्रदर्शनात मांडली ते प्रदर्शनापुरते उरले. कोकणात पोफळीच्या विरीपासून ताटल्या दाबणारी छोटी यंत्रे चालतात. त्या ताटल्या शहरातल्या श्रीमंतांच्या मेजवानीत दिसतात, पण गावच्या भंडाऱ्यात थर्माकोलची जागा त्यांना घेता आलेली नाही, कारण किंमत. तेव्हा या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याने आपला माल कोणाच्या घरी जाणार हे आधी ठरवावे. ज्याला पर्याय विकत घेणे परवडते त्याच्या सदसद्विवेकाला गोंजारण्याचा धंदा चालेल पुष्कळ, पण त्याने राज्याच्या नद्या स्वच्छ होणार नाहीत.

पुढील प्रकरणांत चूल, पाणी, कचरा, वस्त्र, वाहन आणि घरबांधणी या क्रमाने अशाच उद्योगांचा परामर्श घेतला आहे. फसलेल्या प्रयत्नांना मी बरोबरीची जागा दिली आहे, कारण यशाच्या कथा सर्वत्र मिळतात आणि फसगतीच्या कथा संचालकांच्या दफ्तरात कुलूपबंद असतात. तांत्रिक तपशील जेथे अपरिहार्य होता तेथेच दिला आहे. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना हे लेखन अपुरे वाटण्याचा संभव आहे. ते ज्यांच्यासाठी लिहिले आहे ते तालुक्याच्या गावी शेड भाड्याने घेऊन, बँकेत दरखास्त टाकून, पहिल्या कामगाराच्या पगाराची विवंचना करणारे तरुण आणि तरुणी आहेत.

त्यांना एक विनंती. आपल्या मालाची किंमत ठरवण्यापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा की ही वस्तू तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात बिघडली, तर ती कोण दुरुस्त करील, सुटा भाग कोणत्या दुकानात मिळेल, आणि अगदीच निकामी झाली तर ती परत कोण नेईल. ते पान भरता आले नाही तर माल बाजारात आणू नका. भरता आले तर त्याची एक प्रत वस्तूसोबत गिऱ्हाइकाच्या हाती द्या.